न लागलेल्या कुस्त्या

हरिश्चंद्र बिराजदार विरुद्ध सिकंदर शेख ही कुस्ती कधीच लागणार नाही. बिराजदार मामा सप्टेंबर २०११ मध्ये गेले, तेव्हा मोहोळचा सिकंदर शाळकरी पोर होता. तरीसुद्धा जुळे सोलापुरात ही कुस्ती आठ-पंधरा दिवसांतून एकदा हमखास लागते. आसरा चौकापासून सैफुलपर्यंत कुठल्याही टपरीवर, चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत, कुणीतरी खडा टाकतो: ‘मामांपुढं आजचा एक तरी टिकला असता का?’ की लागलीच दोन पार्ट्या पडतात.

या भागातली बरीच माणसं गावाकडून येऊन प्लॉट घेऊन राहिलेली. मोहोळ, मंगळवेढा, करमाळा, अक्कलकोट, शिवाय पलीकडून उमरगा-निलंग्याची. घर बांधताना शेत मागं राहिलं, पैलवान मात्र बरोबर आले. जुन्या शहरात पाणीवेस तालीम, पत्रा तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही नावं अजून आहेत, पण ती जास्त करून गणपतीच्या मिरवणुकीत ऐकू येतात. जुळे सोलापूर वसलं तेव्हा तालमींचा काळ ओसरला होता. इथं आल्या त्या आरशांच्या जिम. माती पायाखाली नसली की तिच्याबद्दल बोलायला जास्त जोर येत असावा.

निलंग्याकडचा माणूस बिराजदारांची बाजू घेणार हे ठरलेलं, कारण मामा रामलिंग मुदगडचे, म्हणजे त्याच तालुक्यातले. मोहोळचा सिकंदरची घेणार. मंगळवेढ्याचा थोडा वेळ गप्प बसतो आणि मग महेंद्र गायकवाडचं नाव काढतो. त्याला तसं कारणही आहे.

१४ जानेवारी २०२३ ला पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरीची अखेरची कुस्ती झाली. इकडं सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा ऐन भरात होती आणि लोक मोबाईलवर कुस्ती बघत होते, कारण माती विभागाच्या अंतिम फेरीत आपलेच दोघं समोरासमोर आले होते: मोहोळचा सिकंदर आणि मंगळवेढा तालुक्यातल्या शिरसीचा महेंद्र. महेंद्रनं टांग मारली, पंचांनी चार गुण दिले. त्या चार गुणांवर महाराष्ट्रभर रणकंदन झालं. सिकंदर पाठीवर आलाच नव्हता, दोन गुणांच्या वर द्यायचं कारण नव्हतं, असं एका बाजूचं म्हणणं. कुस्ती महेंद्रकडे गेली. मग गदेसाठी महेंद्रची गाठ गादी विभागातून आलेल्या शिवराज राक्षेशी पडली आणि शिवराजनं त्याला मिनिटाच्या आत चितपट केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला पुन्हा महाराष्ट्र केसरी झाली. या वेळी अंतिम कुस्ती सिकंदर आणि शिवराज यांची. सिकंदरनं झोळी बांधली आणि अर्धं मिनिट व्हायच्या आत शिवराजला आस्मान दाखवलं.

म्हणजे महेंद्रनं सिकंदरला हरवलं, शिवराजनं महेंद्रला, आणि सिकंदरनं शिवराजला. तिघं एकाच काळातले, एकाच वजनगटातले, एकाच नियमांखाली लढलेले, आणि सगळा हिशेब दहा महिन्यांतला. आता यांत मोठा कोण ते सांगा. (त्याच नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या संघटनेनं धाराशिवला वेगळी महाराष्ट्र केसरी भरवली आणि ती शिवराजनं मारली, हे सांगून गोंधळ आणखी वाढवायची इच्छा नाही, पण झालं तसं.) एका वर्षातल्या तिघांची उतरंड जिथं लागत नाही, तिथं पन्नास-साठ वर्षांच्या अंतरावरच्या दोघांची जोड लावून निकाल द्यायला आपण बसतो.

हा नाद आपल्याच मातीतला आहे असंही नाही. १९६७ मध्ये अमेरिकेत मरे वोरोनर नावाच्या रेडिओ निर्मात्यानं हे काम थेट कॉम्प्युटरवर सोपवलं. बॉक्सिंगचे जुने-नवे सोळा हेवीवेट विजेते घेतले. जाणकारांना विचारून प्रत्येकाचा ठोसा, वेग, दम, मार खायची ताकद यांचे आकडे तयार केले, ते एनसीआर ३१५ या यंत्रात भरले, आणि आलेल्या निकालावरून लढतींचं धावतं वर्णन रेडिओवर लावलं. लोक खऱ्या लढतीसारखे कान देऊन ऐकत होते. अंतिम फेरीत रॉकी मार्सियानोनं जॅक डेम्प्सीला तेराव्या फेरीत गारद केलं. हे दोघं आयुष्यात कधी एकमेकांसमोर उभे राहिलेले नव्हते.

त्या कागदी आखाड्यात मुहम्मद अली उपांत्यपूर्व फेरीतच पडला, तोही जिम जेफ्रीजकडून. जेफ्रीज विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा विजेता. अली भडकला. व्हिएतनामच्या युद्धात जायला नकार दिला म्हणून त्याचा किताब काढून घेतला होता, रिंगणात उतरायची बंदी होती, आणि वर हे यंत्र त्याला हरवतंय. त्यानं वोरोनरवर दहा लाख डॉलर्सचा बदनामीचा दावा ठोकला. तडजोड अशी निघाली की अलीनं मार्सियानोबरोबर खोट्या लढतीचं चित्रीकरण करायचं.

मार्सियानो तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा. ४९ लढती, ४९ विजय, एकही हार नाही, हा हिशेब घेऊन तो १९५६ मध्येच निवृत्त झाला होता. या सिनेमासाठी त्यानं पन्नासेक पौंड वजन उतरवलं आणि डोक्यावर टोप चढवला. १९६९ च्या उन्हाळ्यात मायामीत दोघं एकेक मिनिटाच्या फेऱ्या खेळले. अंगावरचे ठोसे बऱ्यापैकी खरे, डोक्यावरचे हात आखडून मारलेले. शेवट वेगवेगळे चित्रित करून ठेवले, म्हणजे खरा निकाल दोघांनाही माहीत नको. सिनेमा २० जानेवारी १९७० ला एकाच रात्री शेकडो थिएटरांत लागला. अमेरिकेत लोकांनी मार्सियानोला तेराव्या फेरीत जिंकताना पाहिलं. युरोपात जो रीळ दाखवला त्यात अली जिंकला. आपल्याकडे अशा कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात आणि गावकरी आखाड्यात दगड टाकतात. मार्सियानोनं कुठलाच शेवट पाहिला नाही. चित्रीकरण संपल्यावर काही आठवड्यांत, ३१ ऑगस्ट १९६९ ला, तो विमान अपघातात गेला.

वोरोनरच्या यंत्राला एक गोष्ट ठाऊक असायला हवी होती. जेफ्रीजची दोन काळांमधली लढत एकदा प्रत्यक्षात झालेली होती. अपराजित राहून निवृत्त झालेल्या या गड्याला सहा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा रिंगणात ओढण्यात आलं, कारण जॅक जॉन्सन या काळ्या विजेत्याला हरवणारा गोरा कुणी सापडत नव्हता. जेफ्रीजनं शंभरावर पौंड चरबी उतरवली. ४ जुलै १९१० ला नेवाडातल्या रिनो गावी तो उतरला आणि पंधराव्या फेरीत त्याच्याच माणसांनी लढत थांबवून त्याला बाहेर काढलं. एका काळातून उचलून दुसऱ्या काळात ठेवलेल्या माणसाचं हे असं होतं.

त्याच १९१० च्या उन्हाळ्यात आपला एक गडी लंडनला पोचला होता.

गामा पैलवान. नाव गुलाम मोहम्मद, भाऊ इमामबक्ष बरोबर, खर्च बंगालचे शरतकुमार मित्र यांचा. लंडनच्या स्पर्धेत त्याला उंची कमी म्हणून घेईनात. त्यानं थिएटरातून जाहीर आव्हान दिलं. अमेरिकेचा बेंजामिन रोलर पुढं आला, गामानं त्याला पाडला. तेव्हा कुठं १० सप्टेंबर १९१० ला पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झबिस्कोशी जोड ठरली.

झबिस्को अंगानं आडवातिडवा, मान आणि खांदे एकच. सलामी झाली, गामानं त्याला लगेच खाली घेतला, आणि तिथंच कुस्ती थिजली. झबिस्को हातपाय रोवून पोटावर पडून राहिला. त्या पद्धतीत चितपट व्हायला दोन्ही खांदे जमिनीला टेकावे लागत. खाली पडून राहिलं म्हणून गुण कापायची सोय नव्हती, कारण गुणच नव्हते. सुस्तपणाबद्दल पंच इशारा देतील तर तोही नियम नव्हता. गामा वरून फिरतोय, मान धरतोय, कंबर उचलू बघतोय, आणि तो लोखंडी पहारीसारखा जमिनीला चिकटलेला. हा प्रकार अडीच तासांहून अधिक चालला. दिवस मावळायला आला, कुस्ती बरोबरीत सोडवली, पुढच्या शनिवारी पुन्हा लावायची ठरली. १७ सप्टेंबरला गामा आला, झबिस्को आलाच नाही. किताब गामाला मिळाला.

आता पुढचं बघा. १९२८ च्या जानेवारीत तेच दोघं पतियाळ्याला पुन्हा समोर आले. गामा पन्नाशीच्या आसपास, झबिस्को अठ्ठेचाळीस वर्षांचा. मधल्या काळात झबिस्को अमेरिकेत दोनदा जगज्जेता झाला होता. दुसऱ्या वेळची गंमत सांगायलाच हवी: १९२५ मध्ये वेन मन नावाच्या फुटबॉलपटूला त्यानं ठरवून कुस्ती द्यायची होती, सगळं आधी लिहिलेलं. झबिस्कोनं ऐन वेळी लिहिलेलं गुंडाळून ठेवलं आणि मनला खरोखरच पाडलं. म्हणजे पतियाळ्याला आलेला गडी म्हातारा होता, पण बेरकीपणात कमी नव्हता. पतियाळा दरबारनं दिमाखदार सोहळा मांडला, संस्थानिक जमले, हजारो लोक आले. कुस्ती एका मिनिटाच्या आत संपली. झबिस्कोला खाली बसायला सवडच मिळाली नाही. उभ्यानंच गामानं त्याला पाठीवर घेतला.

तेच दोन देह. एकदा अडीच तास निकाल नाही, एकदा मिनिटाच्या आत. बदललं काय? वय दोघांचंही वाढलं. बदलला तो आखाडा, बदलली ती अंगावर येण्याची रीत, बदलली ती समोरच्या माणसाची तयारी. झबिस्कोला लंडनमध्ये न हरण्यात फायदा होता. पतियाळ्यात त्याला हिंदुस्थानी पद्धतीनं हात मिळवून पुढं यावं लागलं. काळांच्या कुस्त्या लावणारे लोक पैलवानाचे दंड मोजतात, छाती मोजतात, जोर-बैठका मोजतात. आखाडा कुणी मोजत नाही.

कोल्हापूरला तो मोजला गेला. शाहू महाराजांनी परदेशात पाहिलेल्या रोमन रंगमंडलांच्या धर्तीवर खासबाग मैदान बांधून घेतलं आणि १९१२ मध्ये ते सुरू झालं. मधोमध हौदा, भोवती चढत गेलेल्या पायऱ्या, कुठूनही बसा, पैलवानाचा गुडघा दिसतो. हौद्यातली माती चाळून घ्यायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालायचं, रोज खणून मऊ ठेवायची. या मातीत पाय रुततो. मॅटवर जो एकेरी पट डोळ्याचं पातं लवायच्या आत निघतो, तो इथं अर्धा सेकंद उशिरा निघतो, आणि तेवढ्यात समोरचा मानेवर बसतो. उलट इथं पकड घट्ट बसते, कारण अंगावर माती असते. घाम आला तरी हात सटकत नाही. आणि निकाली कुस्तीला घड्याळ नाही. वीस मिनिटं खडाखडी चालली तरी कुणी शिट्टी फुंकत नाही; हलगीवाला मात्र दमतो.

या मातीतून खाशाबा जाधव थेट मॅटवर गेले. कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला फ्लायवेटमध्ये सहावे आले, तेव्हा गादीवरच्या आंतरराष्ट्रीय कुस्तीचा त्यांना सराव असा नव्हताच. त्यांनी नंतरची चार वर्षं गोविंद पुरंदरे यांच्या हाताखाली घाम गाळला. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. ही गोष्ट आपल्याकडे पुष्कळदा सांगितली जाते, आणि सांगावीच.

हेलसिंकीत ५७ किलोचा बँटमवेट गट. कॅनडाचा, मेक्सिकोचा, जर्मनीचा असे मल्ल त्यांनी मागं टाकले. मग जपानचा शोहाची इशी. पंधरा मिनिटांची कुस्ती, शेवटी निकाल पंचांच्या मतावर, आणि तो इशीकडे गेला. इशीनं पुढं सुवर्ण घेतलं. त्या दमछाकीनंतर पुरती विश्रांती न मिळताच खाशाबांना सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेयोवशी लढायला उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांत अर्ध्या तासाची विश्रांती हवी, असा नियम होता असं सांगतात. तो नियम दाखवून भांडायला आपला अधिकारी तिथं नव्हता. खाशाबा हरले, कांस्य मिळालं. स्वतंत्र भारताचं वैयक्तिक खेळातलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग पोलीस खात्यात नोकरी, आणि १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात मृत्यू.

बहात्तर वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये, पॅरिसला पुन्हा ५७ किलो, पुन्हा भारताला कांस्य. एकवीस वर्षांचा अमन सेहरावत. योगायोग पुढंही आहे: अमनही जपानी मल्लाकडूनच हरला, रेई हिगुचीकडून, आणि हिगुचीनंही सुवर्णच घेतलं. काळांच्या कुस्त्या लावायच्याच असतील तर याहून सरळ जोड मिळायची नाही. वजन तेच, पद्धत फ्रीस्टाइल, पदक तेच, हरवणारा देशही तोच.

लावून बघू. अमन लढतो तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मधे तीस सेकंद. पट काढून मागं गेलं की दोन गुण, पाठ धोक्यात आणली की त्याहून जास्त, रेषेबाहेर पाय गेला की समोरच्याला एक. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच संपते. हिगुचीनं अमनला असंच शून्यावर दहा गुणांनी उडवलं. उपांत्य फेरीनंतर अमनचं वजन साडेचार किलोंहून जास्त वाढलेलं निघालं, आणि दुसऱ्या दिवशीच्या वजनकाट्याआधी दहा तासांत ते उतरवलं गेलं. मागं डॉक्टर, आहारतज्ज्ञ, मॅटवर समोरच्याच्या जुन्या कुस्त्यांचे व्हिडिओ पाहून तयार केलेला डाव. खाशाबांकडे यातलं काय होतं? ढाक होती. मान बगलेत घेऊन, कंबर आत घालून, माणूस डोक्यावरून उलटा टाकायचा. सहा मिनिटांत अमन त्या बगलेत मान देणार नाही. तो लांबून हात खेळवील, पायाला शिवेल, निघून जाईल, दोन-दोन करत आठ-दहा गुण नेईल. पण १९५२ च्या नियमानं पंधरा मिनिटं उभं राहायचं असेल, गुणफलक नसेल, आणि नव्या काळातली वजन उतरवायची विद्या काढून घेतली, तर बाराव्या मिनिटाला अमनची मान कुठं असेल ते मला सांगता येत नाही. माझे पैसे मी खाशाबांवर लावीन. या मताला मराठी पक्षपाताचा वास येतो म्हणाल, तर येऊ द्या.

अमन ज्या छत्रसाल स्टेडियमचा, तिथं पोरं घडवणारा वस्ताद म्हणजे सतपाल. आणि सतपालचं नाव आलं की जुळे सोलापुरातला निलंगेकर खुर्ची पुढं ओढतो, कारण आता १९७७ चं बेळगाव येणार.

सतपाल बावीसेक वर्षांचा. दिल्लीच्या गुरू हनुमानांच्या आखाड्यातला पठ्ठ्या, उंच, अवजड, पुढं १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये १०० किलोत सुवर्ण घेणारा. त्या वेळी उत्तरेत त्याला तोड नव्हती आणि महाराष्ट्राच्या मैदानांतही त्याचा दरारा होता. समोर हरिश्चंद्र बिराजदार, १९६९ चे महाराष्ट्र केसरी. वयातला फरक पाचएक वर्षांचा. पण पैलवानाच्या आयुष्यात पाच वर्षांत एक पिढी सरते: खुराक तोच ठेवला तरी सकाळचे जोर पूर्वीसारखे निघत नाहीत, गुडघा आठवण करून देतो, आणि नवा गडी नवे डाव घेऊन येतो. लोकांच्या लेखी बिराजदारांचा बहर उलटून गेला होता. बेळगावच्या मैदानात बिराजदारांनी सतपालला पाडलं.

आता या कुस्तीबद्दल एवढं ऐकून झालंय की ऐकीव आणि खरं वेगळं करणं कठीण. प्रत्येक सांगणाऱ्याचे वडील त्या मैदानात होते आणि प्रत्येकाच्या वडिलांना डाव वेगळा दिसला होता. मी त्या भानगडीत पडत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की काळांमधली म्हणावी अशी कुस्ती आपल्या डोळ्यांदेखत लागली, आणि तिचा निकाल कागदावरच्या हिशेबाविरुद्ध गेला. १९७७ मध्ये वोरोनरच्या यंत्रात दोघांची वजनं, उंच्या, वयं, अलीकडच्या कुस्त्या भरल्या असत्या, तर त्यानं सतपालचंच नाव छापून दिलं असतं. रिनोत जुना हरला म्हणून बेळगावातही हरेल असं नसतं. रिनोतला जेफ्रीज सहा वर्षं मळ्यात बसला होता; बिराजदारांचा लंगोट सुटला नव्हता.

त्या कुस्तीचं पुढचं पान हेलसिंकीच्या गटाजवळच उघडतं. हरलेले सतपाल दिल्लीला गुरू झाले, आणि सुशीलकुमार, रवी दहिया, अमन ही पोरं छत्रसालमधून निघाली. सुशीलला २००८ ला कांस्य, २०१२ ला रौप्य; रवीला टोकियोत रौप्य. जिंकलेले बिराजदार पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत शिकवू लागले आणि बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे त्यांच्याकडे आला. २०१८ ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत राहुलनं ५७ किलोत सुवर्ण घेतलं. २०१९ मध्ये नूर-सुलतानला जागतिक स्पर्धेत ५७ किलोत रवी दहियाला आणि ६१ किलोत राहुलला, दोघांनाही कांस्य. मामांना हे पाहायला मिळालं नाही. ऑलिंपिकच्या वाटेत राहुल अडकला तो निवड, चाचण्या, वजनगट यांच्या गुंत्यात, आणि त्याचा तपशील काढला तर चहा थंड होतो आणि भांडण होतं. बेळगावात कोण जिंकलं हे जर गुरूंच्या शिष्यांवरून ठरवायचं असेल तर ऑलिंपिकची पदकं सतपालच्या बाजूला पडतात. निलंगेकराला हे पटत नाही. त्याच्या मते शिष्य हा दुसरा विषय.

तर मूळ कुस्ती. बिराजदार विरुद्ध सिकंदर.

सिकंदर लाल मातीतही वाढला आणि मॅटवरही, हा त्याचा फायदा. अंगानं भरलेला असूनही त्याचे पाय हलके. शिवराजवर घातलेली झोळी पाहिलीत तर कळतं, डाव सुचणं आणि तो लागणं यांत त्याच्याकडे वेळ जात नाही. आजची महाराष्ट्र केसरीची गदा ८६ ते १२५ किलोंच्या गटात लढली जाते, म्हणजे एका कुस्तीत तीस-पस्तीस किलोंचा फरक पडू शकतो आणि पोरांना तो पेलायची सवय असते. बिराजदारांच्या काळातला पैलवान दिवसभर तालमीत. त्याला लांब कुस्तीचा दम होता, आणि समोरच्याला खेळवत खेळवत दमवायची बुद्धी होती. ती विद्या आजच्या सहा मिनिटांत वापरायला जागाच उरलेली नाही. पंच तिसऱ्या मिनिटाला ‘सुस्त’ म्हणून बोट दाखवतील.

मॅट, गुणफलक, सहा मिनिटं: सिकंदर, आणि पहिल्याच फेरीत. खासबागची माती, निकाली, घड्याळ खुंटीला: बिराजदार, पण वीस मिनिटांच्या आधी नाही, आणि त्या वीस मिनिटांत दोनदा तरी निलंगेकराच्या छातीत धस्स होईल. नियम अर्धे याचे अर्धे त्याचे करून कुस्ती लावायची म्हटली, तर बरोबरीत सोडवावी लागेल आणि दोन्ही गावांकडून शिव्या खाव्या लागतील. वोरोनरनं दोन रीळ केले ते याच भीतीनं. आपल्याकडे एक मोहोळला लावता येईल, दुसरा निलंग्याला.

मंगळवेढ्याचा गडी हे सगळं शांतपणे ऐकून घेतो. मग विचारतो, की बिराजदारांशी जोड सिकंदरचीच का लावायची, महेंद्रची का नाही. माती विभाग मारला होता महेंद्रनं. गदेच्या कुस्तीला मातीकडून उभा राहिला तोही महेंद्रच. चार गुणांचं काय ते पंचांना विचारा. जानेवारी २०२३ चा कागद पुढं ठेवला, तर बिराजदारांसमोर पहिला हक्क त्याचाच लागतो.